बायकोचं ॲव्हरेज

सरळच सांगतो, मी माझ्या बायकोवर जळत होतो. शेजाऱ्यावर जळणारे पुष्कळ पाहिलेत, भावावर जळणारे तर घरोघरी असतात. पण स्वतःच्या बायकोवर, आणि तेही गाडी चालवण्यावरून जळणारा माणूस अख्ख्या कामशेतात माझ्याशिवाय दुसरा नसेल. पंचवीस वर्षं स्टेअरिंग धरलंय मी. जुन्या खंडाळ्याच्या घाटात भरलेले ट्रक उतरवलेत, लोणावळ्याच्या गर्दीत टुरिस्ट गाड्या पिटाळल्यात. आणि ही बाई, जिला मी परवापरवा क्लच कुठला न् ब्रेक कुठला ते दाखवलं, ती माझ्याच गाडीत माझ्यापेक्षा जास्त ॲव्हरेज काढायची. लिटरमागं तीन किलोमीटर जास्त. ड्रायव्हर लोकांना विचारा, तीन म्हणजे काय असतं ते.

गाडी एकच होती, आमची सात सीटची पेट्रोल व्हॅन. तिकोना पेठेच्या खालच्या अंगाला गुलाबाची पॉलीहाऊस आहेत. तिथं कामाला जाणाऱ्या पाच बायकांना वाड्यावस्त्यांवरून गोळा करायचं, सकाळी पोचवायचं आणि संध्याकाळी घरी आणायचं, असं काम आम्हाला मिळालं होतं, सोमवार ते शुक्रवार. मी तेव्हा लोणावळ्यात बदली ड्रायव्हर म्हणून दुसऱ्यांच्या गाड्यांवर जायचो, मग व्हॅन कोण चालवणार? बायकोचं माहेर तिकोना पेठच, त्यामुळं बायका तिच्या ओळखीच्या, आणि त्या सुटेपर्यंत दिवसभर तिला तिथंच थांबता येणार. म्हटलं, हिलाच शिकवावं. भात काढून झालेल्या रिकाम्या खाचरात शिकवलं. शिकवलं म्हणजे मी ओरडलो आणि ती शिकली. तोवर बायकांना मीच नेत होतो, आणि नंतरही कधी तिला अडचण आली तर. शनिवार-रविवार मात्र गाडी माझी, टुरिस्ट फिरवायला. शनिवारी सकाळी किल्ली माझ्या हातात देताना तिचा चेहरा उतरायचा, ते मला दिसायचं. मला बरं वाटायचं, तेही सांगून टाकतो.

त्या व्हॅनमध्ये स्पीडच्या काट्याजवळ एक छोटा पडदा आहे. आकडा शून्यावर आणून ठेवला की तिथून पुढं लिटरला किती किलोमीटर पडतात ते तो दाखवतो. गाडी घेतली तेव्हा मीच हौसेनं बायकोला म्हणालो होतो, आपण दोघांचं वेगवेगळं बघू, म्हणजे तुला कळेल ड्रायव्हर कशाला म्हणतात. तिचं यायचं साडेएकोणीसच्या आसपास, माझं साडेसोळा. पहिल्यांदा मी पडद्यावर टिचकी मारून पाहिली. मग म्हणालो, तुझ्या बायका हडकुळ्या, माझी गिऱ्हाइकं मुंबईची, खात्यापित्या घरची. मग म्हणालो, तुझा रस्ता मोकळा, मला भुशी धरणाच्या गर्दीत तासभर एसी लावून उभं राहावं लागतं. ती नुसती हूं म्हणायची आणि भाकरी थापायची. तिनं भांडण केलं असतं तर परवडलं असतं.

एका मंगळवारी मी पवनानगरला काम आहे अशी थाप मारली आणि व्हॅनच्या मागच्या सीटवर जाऊन बसलो. खरं म्हणजे हेरगिरी करायला. माझी खात्री होती की ही उतारावर गाडी न्यूट्रलला टाकत असणार. आम्हा जुन्या घाटातल्या ड्रायव्हरांचा तो घरचा मंत्र. चढण संपली की गिअर काढायचा, गाडी सोडून द्यायची, तेवढंच तेल वाचतं. उस्तादाकडून मी शिकलो, उस्ताद त्याच्या उस्तादाकडून. हिला मी ते मुद्दाम शिकवलं नव्हतं, म्हटलं, एवढं तरी आपल्याजवळ राहू दे. आता कुठून तरी हिला ते कळलं असेल, अशी शंका मला खात होती.

पण तसं काहीच नव्हतं. रेल्वेचं फाटक पडलेलं होतं, तर हिनं इंजिनच बंद करून टाकलं. मी असतो तर चालूच ठेवलं असतं, फाटक उघडल्याबरोबर पुढच्याला हॉर्न मारायला. गाडी उचलताना ती इतक्या हळू उचलायची की कधी निघालो ते कळायचं नाही. स्पीडब्रेकर दूर दिसला की पाय काढून घ्यायची आणि गाडी आपली आपण हळू होत तिथं पोचायची. ब्रेकला पाय लागलाच तर नुसता टेकायचा. मधली चढण चढून पलीकडं उतरताना मी मान लांब करून गिअरकडं पाहिलं. गाडी गिअरमध्येच होती, तिसऱ्यात, आणि पाय रेसवर नव्हता. सकाळचा गार वारा होता म्हणून एसी बंद आणि काचा खाली. माझ्या शेजारी बसलेली एक म्हातारी मावशी तोंड उघडं टाकून गाढ झोपली होती. माझ्या गाडीत आजवर कुणी झोपलेलं मला आठवेना.

ती मावशी उतरताना जागी झाली आणि मला म्हणाली, “तुमी गाडीवर असता ना, तवा मी लिंबू घिऊन येते वासाला. आज आनलं न्हाई म्हनून घाबरले व्हते.” बाकीच्या चौघी पदर तोंडाला लावून हसल्या. बायको हसली नाही, आरशात बघत राहिली.

यात मी काय शिकावं? काही नाही. उलट दर सोमवारी ती पंपावर थांबून चारी चाकांची हवा मोजून घेते, मी टायरला लाथ मारून हवा ओळखतो, याचा मला अभिमान वाटला. दर सोमवारी ती मागं पडलेली माझी जुनी टायरं, घमेलं आणि लोखंडी पाने उतरवून ओट्यावर ठेवायची, दर शनिवारी मी ते सगळं परत चढवायचो. ड्रायव्हरच्या गाडीत सामान असलं पाहिजे. आणि ॲव्हरेज वाढवायला मी काय केलं, तर उतारावर आणखी न्यूट्रल टाकायला लागलो. जरा कुठं रस्ता खाली गेला की टाक न्यूट्रल. ब्रेकला जळका वास यायला लागला, गिऱ्हाइकं नाकाला रुमाल लावायला लागली आणि पडद्यावरचा आकडा जागचा हलला नाही.

मग तो रविवार आला. आदल्या दिवशी टायर बदलताना माझं मनगट मुरगळलं होतं, गिअर टाकता येईना. स्टेशनवरून एका म्हाताऱ्या आजींना आणि त्यांच्या नातवंडांना घ्यायचं, टायगर पॉईंट दाखवायचा आणि वलवणच्या एका रिसॉर्टवर सोडायचं, असं बुकिंग होतं. बायको म्हणाली, मी जाते. मी म्हणालो जा, आणि मनातल्या मनात म्हणालो, बरं झालं, आता कळेल तुला रविवारचं लोणावळा काय असतं. संध्याकाळी ती आली. चहा टाकायला आत गेली तशी मी आधी अंगणात जाऊन किल्ली फिरवली. एकोणीस. माझा रस्ता, माझी गर्दी, माझीच मुंबईकर गिऱ्हाइकं, आणि एकोणीस. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. ती चहा घेऊन बाहेर आली तर मी तिला म्हणालो, पडदा बिघडलाय गाडीचा.

त्याच महिन्यात पॉलीहाऊसच्या मालकानं सगळ्यांना सांगितलं की जागा बंगलेवाल्याला दिली, महिनाअखेर काम बंद. बायका दुसरीकडं रोजानं जातील, पण व्हॅनचं काम संपलं. बायको रात्री जेवताना हातातला घास हातात ठेवून म्हणाली, “म्हंजी आता माझं गाडी चालवनं संपलंच की.” तिला नुसती शनिवारी किल्ली देववत नव्हती, आता ती कायमची द्यावी लागणार होती. मला वाईट वाटलं. पण त्या वाईटाच्या खाली कुठंतरी गारही वाटलं. खोटं कशाला बोलू?

आणि शुक्रवारी दुपारी माझ्या फोनवर वलवणच्या त्या रिसॉर्टच्या मॅनेजरचा फोन आला. व्हॅनवर नंबर माझाच लिहिलेला ना. त्या रविवारच्या आजी म्हणजे मॅनेजरची आई निघाली. त्यांना गाडी लागते, घाटात उलटी झाली नाही असं कधी घडलं नव्हतं, आणि त्या दिवशी त्या गाडीत झोपल्या होत्या. रिसॉर्टनं पाहुण्यांसाठी नवी इलेक्ट्रिक गाडी घेतली होती. कायमचा ड्रायव्हर हवा होता. तुमच्या मिसेसना बुधवारी दहा वाजता पाठवा, साहेब म्हणाले, एक ट्रायल घेऊ, दुपारनंतर दुसरा एक उमेदवार आहे, बुधवारीच काय ते ठरवायचंय.

मी हो म्हणालो. आणि घरी काही बोललो नाही.

शनिवार गेला, रविवार गेला. सांगतो सांगतो म्हणत नव्हतो मी, उगाच का खोटा सोज्वळपणा? मी ठरवूनच गप्प होतो. मनाशी हिशोब मांडला होता की बाईमाणसाला तिथं अडचण होईल, ती नवीन गाडी हिला जमायची नाही, आईला घरी कोण बघणार. माझी आई खुटखुटीत आहे, तिला बघायला कुणी लागत नाही. सोमवारी संध्याकाळी बायको म्हणाली, कुठं ड्रायव्हरची जागा आहे का ते तुमच्या स्टँडवर विचारा ना, बाईला घेतात का कुणी? मी म्हणालो विचारतो. तेव्हा तिच्याकडं पाहायची माझी छाती झाली नाही, मी पंख्याकडं बघून बोललो. बुधवारी ती बायकांना घेऊन तिकोना पेठेकडं गेली आणि मी इस्त्रीचा शर्ट घालून वलवणला गेलो.

मॅनेजर साहेबांना सांगितलं, मिसेसला जमणार नाही, घरी म्हातारं माणूस आहे, मीच आलोय, तिला शिकवलं कुणी, मीच ना. ते जरा घुटमळले, पण म्हणाले बसा. ते माझ्या शेजारी बसले आणि त्यांच्या आई मागं. वलवणहून टायगर पॉईंट आणि परत, एवढीच ट्रायल. गाडी म्हणजे लोणी होती, आवाज नाही, धूर नाही, पाय ठेवला की सुटते. मी पाय ठेवला. म्हटलं, दाखवूया साहेबांना पंचवीस वर्षांचा हात. दोन टेम्पो मागं टाकले, वळणावर नेमका ब्रेक, पुन्हा रेस. वर पोचलो आणि परतीचा उतार लागला. माझा हात आपोआप गेला आणि मी गाडी न्यूट्रलला टाकली.

साहेबांनी समोरच्या मोठ्या पडद्यावर बोट ठेवलं. ही गाडी उतारावर नुसता पाय काढला की चार्जिंग परत घेते, ते म्हणाले, न्यूट्रलला टाकली तर काहीच परत येत नाही, सगळं ब्रेकमध्ये जळून जातं. पेट्रोलच्या गाडीतही गिअरमध्ये ठेवून पाय काढला की इंजिनाचं तेल तुटतं, न्यूट्रलला मात्र ते जळतच राहतं. मी घाईनं गिअरमध्ये टाकली, गाडीनं हिसका दिला. मागून आजींचा आवाज आला, बाळा, थांबव रे. मी थांबवली. आजी दार उघडून रस्त्याच्या कडेला वाकल्या.

साहेब बाटली घेऊन त्यांच्यापाशी धावले. मी तसाच स्टेअरिंग धरून बसलो. आरशात त्या दिसत होत्या, एक हात गाडीच्या दाराला, दुसऱ्या हातानं पदर तोंडाला लावलेला. आणि मला आमचं लग्न आठवलं. तिकोना पेठेहून कामशेतला वरात आली ती जीप मीच चालवत होतो, ऐटीत, मित्रांना दाखवायला. नवी नवरी शेजारी बसली होती, दारावरचं हँडल दोन्ही हातांनी धरून. तीनदा उतरली रस्त्याच्या कडेला, हळदीच्या अंगानं, शालूचा पदर तोंडाला लावून. ही गोष्ट मी वीस वर्षं स्टँडवर हसवायला सांगत आलोय. माझ्या बायकोला मी कसं घरी आणलं माहितीये का, तीन उलट्यांत. बायको समोर असतानासुद्धा सांगितलीय. आणि तेव्हापासून माझ्या शेजारी बसली की तिचा हात कायम त्या हँडलवर असतो. मला वाटायचं सवय आहे.

मी खाली उतरलो आणि साहेबांना म्हणालो, “साहेब, तिला जमत नाही असं नाही. तुमचा निरोप मी तिला दिलाच नाही.”

मला वाटलं आता हाकलतील, हाकलायलाच हवं होतं. आजींनी चूळ भरली, तोंड पुसलं आणि मुलाला म्हणाल्या, त्या मुलीला बोलाव, मी बसते पुन्हा. साहेबांनी दुसऱ्या उमेदवाराला चारची वेळ दिलेली होती. त्याच्या आधी पोचू दे, म्हणाले.

मी बायकोला फोन लावला. आताच्या आता वलवणला ये, तुझी ट्रायल आहे, एवढंच बोलता आलं. ती कशाची म्हणाली नाही, आले म्हणाली. तिकोना पेठेहून पवनानगर, कामशेत, तिथून वलवण. मला वाटलं पिटाळत येईल. तशी आली नाही, तिच्या नेहमीच्या चालीनं आली आणि दीडच्या आत पोचली. पॉलीहाऊसमध्ये येताजाता घालायची ती जुनी साडी, केसात गुलाबाच्या पानाचा तुकडा. साहेबांनी गाडी समजावून सांगितली, तिनं दोन प्रश्न विचारले, आणि निघाली. मी मागं आजींच्या शेजारी बसलो होतो. चढताना तिनं एकही टेम्पो मागं टाकला नाही. उतार लागला तसा तिनं पाय काढला, गाडी आपली आपण सावकाश उतरू लागली, आणि समोरच्या पडद्यावरचा चार्जिंगचा आकडा वाढला. एक वाढला, मग आणखी एक. उतारावर तेल वाचवायला मी आयुष्यभर न्यूट्रल टाकत आलो आणि ही नुसता पाय उचलून जास्त घेत होती. त्या क्षणीसुद्धा मी जळत होतो, देवाशपथ. आजींची मान माझ्या खांद्यावर पडली. त्या झोपल्या होत्या.

साहेबांनी तिथंच सांगितलं, एक तारखेपासून या.

बायकांना आणायला तिकोना पेठेकडं निघालो तेव्हा व्हॅन तीच चालवत होती, मी शेजारी. हायवेला लागल्यावर तिनं समोर बघतच विचारलं, निरोप कधी आलता. मी म्हणालो शुक्रवारी. ती दिवस मोजत असावी. मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, हे सगळं तू शिकलीस कुठं, मी तर असलं काही शिकवलं नव्हतं.

“वीस वर्सं तुमच्या शेजारी बसले,” ती म्हणाली. “तुमी कुटं रेस देता, कुटं ब्रेक दाबता, कुटं गाडी सोडून देता, समदं माझ्या पोटाला ठावं हाय. माझ्या गाडीत कुनाला तसं हुऊ नये, एवढंच बगते मी. तुमी माझी उलटी लोकांस्नी हसायला सांगत व्हता, तवा मी गप बसले. हा निरोप दाबलात, त्याला न्हाई गप बसनार. घरी चला, आईंच्या म्होरं सांगा.”

सांगितलं. आईनं जे ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. दोन दिवस बायको माझ्याशी बोलली नाही, आणि स्टँडवर ती लग्नाची गोष्ट मी त्यानंतर पुन्हा सांगितली नाही.

आता सकाळी मी तिला व्हॅननं वलवणला सोडतो आणि तसाच स्टँडवर जातो. न्यूट्रल सोडलं. हवा मोजून घेतो, घमेलं आणि टायरं ओट्यावरच असतात, फाटक पडलं की इंजिन बंद करतो. स्पीडब्रेकर लांबून दिसला की पाय काढतो. परवा पडद्यावर अठरा आलं, तर मी तिला दाखवलं, शाळेतल्या पोरासारखं. ती बरं म्हणाली. रिसॉर्टच्या फाटकात उतरते, ती बिनआवाजाची गाडी काढते, आणि मागच्या सीटवर कुणीतरी अनोळखी माणूस काचेला डोकं टेकून निवांत डोळे मिटतो. आता मी तिच्यावर जळत नाही. त्या माणसावर जळतो. कारण कामशेतपासून वलवणपर्यंत मी कितीही जपून गाडी चालवली, तरी माझ्या शेजारी बसलेल्या बायकोचा हात दारावरच्या त्या हँडलवरच असतो.